धुमारे राखले म्हणून: नायजरमधल्या मारादीचा अभ्यास

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाच्या दक्षिणेला, नायजेरियाच्या सीमेला लागून, मारादी आणि झिंदेर हे दोन प्रांत आहेत. वस्ती मुख्यतः हौसा शेतकऱ्यांची. पिकं कुठली, तर बाजरी, ज्वारी, चवळी, भुईमूग. पाऊस वर्षाला साधारण ३०० ते ६०० मिलिमीटर, तोही जून ते सप्टेंबरच्या आत उरकणारा. माणदेशातल्या किंवा आष्टी-पाटोद्याकडच्या माणसाला यात परकं वाटावं असं फार थोडं आहे. जमीन मात्र आपल्यापेक्षा कठीण: हलकी, वाळूची, वाऱ्यावर उडणारी.

१९७० ते १९८५ या काळातली तिथली पेरणी डोळ्यांपुढे आणली तर पुढची सगळी हकीकत समजते. पहिला पाऊस पडला की खुरप्याने खड्डे करत माणूस पुढे जायचा, मागून कुणीतरी बाजरीचे दाणे टाकायचं, पायाने माती लोटायची. चार-आठ दिवसांत कोंब वर यायचे. मग पावसाच्या तोंडाला सुटणाऱ्या वावटळी वाळू घेऊन यायच्या. कोवळ्या पानांना ती वाळू अक्षरशः झोडपून काढायची, नाहीतर रोपं गाडून टाकायची. पुन्हा बियाणं, पुन्हा पेरणी. दुबार पेरणीचं दुःख आपल्याला पाऊस देतो, त्यांना वारा द्यायचा, आणि तिबार पेरणीही नवलाची नव्हती. वारा अडवायला शेतात झाडच उरलं नव्हतं. बायका सरपणासाठी कोस-कोस चालत होत्या. सरपण मिळेनासं झालं तेव्हा चुलीत शेण आणि बाजरीची ताटं जायला लागली, म्हणजे जमिनीला जे परत मिळायचं तेही बंद झालं.

झाडं गेली कशी? दुष्काळ हे एक कारण. १९६८ पासून पाच-सहा वर्षं सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा साहेल पट्टा होरपळला आणि १९८४ ला पुन्हा तीच पाळी आली. लोकसंख्या वाढली, पडीक ठेवायच्या जमिनी पेरणीखाली आल्या. शेत स्वच्छ, बोडकं असावं हा शेतीखात्याचा तेव्हाचा सल्लाही होता. पण माझ्या मते सगळ्यांत खोल गेलेलं कारण कायद्याचं आहे. फ्रेंच राजवटीत, १९३५ च्या सुमाराला, झाडांवर मालकी सरकारची ठरली. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी व्यवस्था तशीच राहिली. स्वतःच्या शेतातली फांदी तोडली तरी वनरक्षक दंड करू शकत होता. मग शेतकरी काय करणार? जे झाड मोठं झाल्यावर आपलं राहणार नाही, ते तो मोठं होऊच देणार नाही. दर वर्षी पेरणीआधी शेत साफ करताना खुंटांना फुटलेले धुमारे तो छाटायचा, ढीग करून जाळायचा. दर वर्षी ते पुन्हा फुटायचे. दर वर्षी तो पुन्हा छाटायचा.

रोपं लावण्याचा प्रयत्न झाला नाही असं नाही. दुष्काळानंतर परदेशी मदतीचा ओघ सुरू झाला, रोपवाटिका उभ्या राहिल्या. नायजरमधल्याच माज्जिया खोऱ्यात १९७५ पासून आपल्या कडुनिंबाच्या दुहेरी रांगा लावून वारा अडवण्याचं काम झालं आणि ते बऱ्यापैकी साधलंही, पण राखणदार नेमून. इतर बहुतेक ठिकाणी चाळीस अंशांवरचं ऊन, वाळवी, मोकाट शेळ्या आणि वाळू यांनी रोपं संपवली.

टोनी रिनाउदो हा ऑस्ट्रेलियाचा तरुण कृषितज्ज्ञ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बायको आणि लहान मुलासह मारादीत आला. एका ख्रिस्ती संस्थेच्या वृक्षलागवड प्रकल्पाचं काम त्याच्याकडे होतं. लावलेल्या दहा रोपांतली जेमतेम एक-दोन जगत. गावकरी त्याला वेडा गोरा शेतकरी म्हणत, असं तो स्वतः सांगतो. १९८३ मध्ये एकदा रोपांनी भरलेली गाडी घेऊन तो गावांकडे निघाला होता. वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून टायरमधली हवा कमी करायला थांबला. चहूकडे उजाड रान. जवळ एक झुडूप दिसलं, असली झुडपं तिथे सगळीकडेच असतात. सहज त्याचं पान हातात घेतलं तेव्हा लक्षात आलं, की हे झुडूप नाहीच. तोडलेल्या झाडाच्या खुंटाला फुटलेले ते धुमारे आहेत. खाली मूळ जिवंत आहे, खोल गेलेलं आहे, वर्षानुवर्षांचं आहे. आणि असे खुंट त्या उजाड दिसणाऱ्या जमिनीत लाखोंनी आहेत. पुढे त्याने याला जमिनीखालचं जंगल म्हटलं.

या प्रसंगाची गोष्ट सांगताना बहुतेक जण इथे थांबतात, जणू शोध लागला आणि काम झालं. पण ज्ञान म्हणून त्यात नवीन फार थोडं होतं. खुंटाला धुमारे फुटतात हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होतं, तो दर वर्षी ते छाटतच होता. आपल्याकडेही पळस, हिंगण, बोर तोडून पाहिलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. नवीन होतं ते पाहणं. ज्याला आपण तण समजून काढतो, ते रोप आहे. त्याला मूळ आहे, पाणी शोधलेलं आहे, वाळवीला आणि उन्हाला ते एकदा पुरून उरलेलं आहे. रोपवाटिकेतल्या कुठल्याही पिशवीत एवढी तयारी मिळत नाही. त्याला फक्त विळ्यापासून वाचवायचं आहे.

पद्धत सोपी आहे. पेरणीआधी, कोरड्या दिवसांत, शेतातले जिवंत खुंट शोधायचे आणि त्यांतले कुठले ठेवायचे ते ठरवायचं. एका खुंटाला दहा-वीस धुमारे असतात, त्यांतले सरळ आणि जोमदार तीन ते पाच ठेवायचे, बाकीचे तळाशी कापायचे. ठेवलेल्या धुमाऱ्यांच्या आडव्या फांद्या निम्म्या उंचीपर्यंत काढायच्या, म्हणजे वाढ वरच्या दिशेला होते आणि बाजरीवर सावली कमी पडते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा फेरी मारून नवे फुटवे काढायचे. पुढे दर वर्षी एखादा बुंधा जळणाला किंवा वाशाला तोडायचा आणि त्याच्या जागी नवा धुमारा राखायचा. मूळ जुनं असल्यामुळे वाढ झपाट्याने होते. पहिल्याच वर्षी छाटणीतून काड्या निघतात, दोन-तीन वर्षांत विकण्याजोगं सरपण निघतं. पैसा लागत नाही. विळा किंवा कुऱ्हाड घरात असतेच, वेळ मात्र द्यावा लागतो. हेक्टरी चाळीस झाडं राखणारेही होते आणि शंभरच्या वर राखणारेही होते. आकडा शेतकरीच ठरवी.

सगळ्याच रोपांमागे खुंट नसतो. झिंदेरकडे मुख्य झाड आहे गाओ. बाभळीच्या जवळच्या कुळातलं, काटेरी, वळणदार शेंगांचं. त्याच्या शेंगा गुरं आवडीने खातात, बी पोटातून जाऊन शेणाबरोबर शेतात पडतं आणि पावसात रुजतं. ही रोपं हाताने लावायची नसतात, खुरपताना चुकवायची असतात. तिथलं खुरपं लांब दांड्याचं असतं, उभ्या उभ्या पुढे ढकलत तण कापत जायचं. त्या पात्याला बोटभर रोप दिसत नाही, माणसाला दिसावं लागतं. राखायची रोपं लक्षात ठेवून खुरपणारा माणूस आणि सपाट खुरपत जाणारा माणूस यांची शेतं दहा वर्षांनी ओळखू येतात.

गाओबद्दल थोडं अधिक लिहितो, कारण हे झाड आपल्या सगळ्या सवयींच्या उलट वागतं. पावसाळा सुरू झाला की ते पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं होतं. म्हणजे बाजरी वाढत असते तेव्हा त्याची सावली नसते, पाण्यासाठीही ते फारसं भांडत नाही. गळलेल्या पानांचं खत होतं, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, उन्हाळ्यात सावलीला गुरं येऊन बसतात आणि शेणही तिथेच पडतं. गाओखालची बाजरी उघड्यावरच्या बाजरीपेक्षा जोमदार असते हे तिथले शेतकरी पिढ्यानपिढ्या पाहत आले आहेत. एकोणिसाव्या शतकात झिंदेरच्या सुलतान तनिमूनने गाओ तोडणाऱ्याला देहदंड ठेवला होता, असं तिथे सांगतात. शिक्षा भयंकर आहे, पण झाडाची किंमत त्यावरून कळते. वसाहतीचा काळ येऊन गेला आणि तेवढ्यात ही किंमत विसरली गेली.

रिनाउदोच्या सांगण्यावरून सुरुवातीला धुमारे ठेवायला तयार झाले ते दहाएक शेतकरी. त्यांची चेष्टा झाली. शेतात झुडपं ठेवणारा माणूस आळशीच असणार, असा समज. शिवाय रात्रीतून कुणीतरी येऊन ते धुमारे जळणासाठी कापून न्यायचं. एकट्याने झाड राखता येत नाही, हा पहिला धडा तिथेच मिळाला. शेजाऱ्याच्या चुलीतही सरपण नाही, त्याच्या शेळ्यांना पाला नाही, त्याला तुमचं झाड दिसणारच. राखायचं तर दोघांनीही राखायला हवं.

१९८४ चा दुष्काळ आला. संस्थेने कामाच्या बदल्यात धान्य द्यायला सुरुवात केली आणि काम म्हणून एक अट घातली: आपल्या शेतात झाडं राखायची. जवळपास शंभर गावांतली हजारो माणसं त्यात आली. पहिल्यांदाच एकाच वेळी सगळ्यांच्या शेतात धुमारे होते, त्यामुळे कुणी कुणाला हसलं नाही. लाखो झाडं उभी राहिली. पाऊस आला, धान्यवाटप बंद झालं, आणि त्यातली निम्म्याहून अधिक झाडं लोकांनी तोडली. अहवालांतून हा भाग बऱ्याचदा गाळला जातो. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मजुरीसाठी राखलेलं झाड मजुरी संपली की संपतं. पण उरलेल्यांनी मात्र पुढच्या दोन-तीन हंगामांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की झाडं असलेल्या शेतात वारा कमी लागतो, पेरणी एकदाच करावी लागते. तोडलेल्यांतले कितीतरी जण मग पुन्हा धुमारे राखायला लागले, या वेळी कुणी काही न देता.

आगिए हा मारादीतलाच एक भाग. तिथे तर हीच गोष्ट कुणी न शिकवता घडली. कोरड्या दिवसांत मजुरीला परदेशी गेलेली काही माणसं पावसाच्या तोंडावर उशिरा परतली. शेत साफ करायला वेळच राहिला नाही, झुडपांच्या मधूनच त्यांनी पेरून टाकलं. शेजाऱ्यांनी शेत घासूनपुसून पेरलं होतं. पीक मात्र झुडपांतल्या शेतात बरं आलं. पुढच्या वर्षी मुद्दाम ठेवलं, पुन्हा तेच दिसलं. दान सागा हे गाव याच भागातलं. तिथे पुढे गावसमित्या झाल्या. कुणाच्या शेतातून किती तोडायचं, चोरून तोडलं तर काय, लाकूड विकायचं कुठे, हे नियम गावाने केले आणि राखणही गावानेच केली. आपल्या साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने कुऱ्हाडबंदी करून जंगल राखलं. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. बारीपाड्याची माणसं दान सागात गेली तर दुभाष्याशिवाय अर्धं बोलणं समजून घेतील असं मला वाटतं. फरक एवढाच, की बारीपाड्यात राखलं ते सामाईक जंगल, इथे राखली ती ज्याच्या त्याच्या वावरातली झाडं.

आता पुन्हा कायद्याकडे. मारादीतल्या वनअधिकाऱ्यांशी बोलणी झाली आणि शेतकऱ्याने स्वतः राखलेल्या झाडावर त्याला दंड करायचा नाही, असं ठरलं. हे कागदावर नव्हतं, समजुतीने होतं. पण त्या समजुतीने जे केलं ते दहा वर्षांच्या रोपवाटिकांनी केलं नव्हतं. झाड आपलं आहे असं कळल्यावर माणूस त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो: हे यंदा तोडायचं की मुलीच्या लग्नाला ठेवायचं, असा विचार करतो. १९९३ मध्ये देशाच्या ग्रामीण संहितेची मूलतत्त्वं आली आणि हवा बदलत गेली. शेतात राखलेल्या झाडांविषयीचा स्वतंत्र सरकारी आदेश मात्र २०२० मध्ये निघाला. तोवर झाडं उभी राहून पस्तीस वर्षं झाली होती.

किती झाडं? नायजरचे महामाने लारवानू, नेदरलँड्सचे क्रिस राय आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे ग्रे टॅपन यांनी २००५ च्या आसपास जुनी हवाई छायाचित्रं, नवी उपग्रहचित्रं आणि प्रत्यक्ष शेतं ताडून पाहिली. मारादी आणि झिंदेरच्या पट्ट्यात जवळपास ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडं परतलेली दिसली. झाडांची संख्या २० कोटींच्या घरात असावी असा अंदाज निघाला. त्यामुळे दर वर्षी सुमारे ५ लाख टन जास्तीचं धान्य पिकतं, असंही त्यांनी मांडलं. हे अंदाज आहेत, एकेक झाड मोजलेलं नाही, म्हणून आकड्यापेक्षा त्यांच्या दोन निरीक्षणांवर माझा जास्त भर आहे. एक, माणसांची वस्ती जिथे दाट, तिथेच झाडंही दाट. माणसं वाढली की झाडं जातात हे आपण धरून चालतो, इथे उलट दिसलं. दोन, सीमेपलीकडे नायजेरियात पाऊस कमी नाही, माती तीच, माणसंही हौसाच, पण शेतांत झाडं विरळ. फरक माणसाच्या हाताचा आणि नियमांचा.

इतकं सगळं घडूनही वीस वर्षं बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. रोपं वाटली नाहीत, त्यामुळे उद्घाटनं झाली नाहीत, फलक लागले नाहीत, खर्चाचा हिशेब कुठे नोंदला गेला नाही. शेतकऱ्याने शेतकऱ्याला पाहिलं आणि केलं. २०१८ मध्ये रिनाउदोला राइट लाइव्हलीहूड हा ‘पर्यायी नोबेल’ म्हणवला जाणारा पुरस्कार मिळाला. शेजारच्या बुर्किना फासो देशात उजाड जमिनीवर जंगल उभं करणाऱ्या याकुबा सावादोगो या शेतकऱ्यालाही त्याच वर्षी तो मिळाला, त्याचा मला अधिक आनंद झाला.

२००४-०५ मध्ये नायजरमध्ये टोळधाड आणि अवर्षणाने अन्नटंचाई झाली. झाडं राखलेल्या गावांकडे तेव्हा विकायला काहीतरी होतं: सरपण, वासे, शेंगांचा चारा. सरपण विकून धान्य आणलं, गुरं विकावी लागली नाहीत किंवा कमी विकावी लागली. बँकेतल्या ठेवीसारखं झाड, असं आपण म्हणतो. त्या वर्षी ते शब्दशः तसं होतं.

सगळं गोड नाही, तेही लिहायला हवं. फुलानी पशुपालक शतकानुशतकं या शेतांतून गुरं घेऊन फिरत आले आहेत. झाड शेतकऱ्याचं झालं की पाला तोडायच्या त्यांच्या वहिवाटीचं काय, यावरून भांडणं झाली. काही गावांनी समित्यांत पशुपालकांना घेतलं, सगळ्यांनी नाही. बायकांना सरपण जवळ मिळालं, दिवसाचे तास वाचले, पण जमीन पुरुषाच्या नावावर असेल तर झाडही त्याचंच ठरतं. राखलेल्या झाडांत जातीही मोजक्याच दिसतात. जुन्या रानात जी विविधता होती ती खुंटच मेले असतील तर परत येत नाही, तिथे बी आणि रोप आणावंच लागतं. आणि नायजर आजही गरीब आहे, भूक संपलेली नाही. झाडांनी ती थोडी मागे ढकलली.

तिथल्या झाडांची नावं वाचताना माझा जीव सारखा इकडे ओढला जात होता. तिकडचं अदुवा म्हणजे आपलं हिंगण, तेच झाड, तीच जात. तिकडचं मागारिया म्हणजे आपली बोरच. तिकडच्या काल्गोची पानं आपट्यासारखी जोडीची, दसऱ्याला लुटावीत अशी. आपल्याकडेही १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. त्याच्या यादीतलं झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. कायद्याचा हेतू चांगला आहे, त्याने कितीतरी मोठी झाडं वाचली असतील. पण सागाचा नाहीतर जांभळाचा कोंब बांधावर दिसला की मोठा होण्याआधीच उपटून टाकणारे शेतकरी मी पाहिले आहेत, आमच्या घरातही. पावसाळा आला की आपण खड्डे खणतो, रोपं आणतो, फोटो काढतो. त्याच पावसात वखराच्या पासेखाली किती धुमारे गेले, याची नोंद कुठल्याही वहीत होत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या पडकाच्या बांधावरचे खुंट मोजले. हिंगणाचे चार, बोरीचे सहा, पळसाचे अकरा. सगळ्यांचे तीन-तीन धुमारे ठेवले, बाकीचे कापले. आषाढापर्यंत हिंगण गुडघ्याला आलं आणि एका दुपारी शेजारच्या आबांच्या शेळ्यांनी दोन खुंट साफ केले. मी तावातावाने गेलो. आबा ओट्यावर बसले होते. ऐकून घेतलं, आणि म्हणाले, पाला कापून मला दिला असतास तर शेळ्या कशाला आल्या असत्या? तेव्हापासून छाटणीचा पाला त्यांच्याकडे जातो. उरलेले दोन हिंगण कमरेला आले आहेत, आणि आबांनी त्यांच्या बाजूच्या बांधावरची बोर यंदा जाळली नाही.